नो क्लेम बोनसचं हक्कसोड

मी लाल गाडी घेतली याचं आमच्या गावाला काही वाटलं नाही. ती टर्बो आहे, याचं मात्र फार वाटलं. टर्बो म्हणजे नेमकं काय, हे गावात फार तर तिघांना सांगता आलं असतं. पण ती बाईमाणसाच्या कामाची नाही, यावर सगळं गाव एकदिलानं उभं होतं. पाणी योजनेसाठी हे गाव असं एक झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

गरज म्हणाल, तर गरज नव्हती. सहा वर्षं मी स्कूटीवरून तिसगावला, तिथून एसटीनं नगरच्या एमआयडीसीत, एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये, आणि संध्याकाळी तसंच उलट, अशी ये-जा करत होते. एखादी पांढरी, गरीब, मायलेज देणारी गाडी घेतली असती तर सगळ्यांनी ‘हुशार पोरगी’ म्हटलं असतं. पण एसटीत उभ्यानं करंजी घाट चढताना मी खिडकीतून कुणाचं मायलेज बघत नव्हते. आम्हाला मागं टाकून वर जाणारी लाल हॅचबॅक बघत होते. मला तीच हवी होती. हव्या असलेल्या वस्तूला कारण लागतं असं मला कुणी शिकवलं नाही, आणि मी बऱ्यापैकी शिकलेली आहे.

तेही सांगूनच टाकते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बीएस्सी, केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, कारण ते कुणी फुकट दिलेलं नाही. या पदवीचा घराला फायदा असा की घरातला, भावकीतला आणि वस्तीवरचा प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. पीकविम्याचा फॉर्म, विजेची डीपी जळाल्याचा अर्ज, फवारणीच्या औषधावरची बारीक अक्षरं, सगळं मी वाचते. रसायनशास्त्राचा संबंध फक्त शेवटच्या गोष्टीशी आहे, पण पदवी ती पदवी.

गाडी चार वर्षांची होती, नगरच्या एका डॉक्टरांची. (नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. पाट्या बदलल्या, जिभा अजून रांगेत आहेत.) मागं पंख, रुंद चाकं, आणि सुरू केली की गल्लीतली कुत्री उठून बसतील असा आवाज. बघायला अण्णा, म्हणजे माझे वडील, बरोबर आले होते. त्यांनी आयुष्यभर घोडेगावच्या बाजारात बैल घेतले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, मागच्या बाजूला थाप दिली, वाकून चाकं पाहिली आणि डॉक्टरांना म्हणाले, "जरा चाल दाखवा." भावाची वेळ आली तेव्हा खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकून त्यांनी डॉक्टरांचा हात आत ओढला, बोटांवर भाव करायला. डॉक्टरांना वाटलं नाडी दाखवतायत. त्यांनी नाडी पाहिली, बीपी तपासून घ्या म्हणाले, आणि या गोंधळात पाच हजार कमी केले.

सहा वर्षांत साठलेलं सगळं त्यात गेलं. गाडी घरी आली, ती टीटीचे फॉर्म घेऊन. टीटी म्हणजे जुन्या मालकाकडून नव्या मालकाच्या नावावर गाडी करण्याचे कागद. विकणाऱ्याच्या जागी डॉक्टरांच्या सह्या होत्या. घेणाऱ्याची जागा कोरी होती. डॉक्टरांचा विमा महिनाअखेर संपत होता. त्याच्या आत गाडी नावावर करून नवा विमा उतरवायचा होता. कुणाच्या नावावर, हा प्रश्नच मला पडला नव्हता. पैसे माझे, पसंती माझी, लायसन्स माझं. शिकलेल्या माणसाचा हाच घोटाळा असतो, त्याला वाटतं सगळं स्पष्ट आहे.

रविवारी सकाळी नाना आले. नाना आमच्या भावकीतले चुलते आणि विम्याचे एजंट. माणूस, म्हैस, गाडी, जे मरू शकतं किंवा आदळू शकतं अशा कशाचाही विमा ते उतरवतात. ओट्यावर अण्णा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ तेवीस वर्षांचा आहे, डिप्लोमा दुसऱ्यांदा करतोय, घाई त्याला कशाचीच नसते.

नानांनी मोबाईलवर गाडीचा नंबर टाकला, दोन-चार ठिकाणी बोट लावलं आणि आकडा दाखवला. तो माझा एका महिन्याचा अख्खा पगार होता. पीएफ न कापता.

"एवढा?" आई म्हणाली. "एवढ्याशा गाडीला?"

"वहिनी, गाडी एवढीशी हाय, किंमत एवढीशी हाय का? कंपनी किंमत बघती. आन् ही टर्बो. एक पार्ट फुटला की एक म्हैस गेली समजायचं. फुल विमा घेतला तर कंपनी देनार, न्हाईतर आपन."

"आमच्या व्हॅनला तर कवा एवढा न्हवता."

"तेच सांगायलोय ना!" नानांनी मांडीवर थाप मारली. "अण्णांची व्हॅन! पंधरा वर्सं एक क्लेम न्हाई. पन्नास टक्के नो क्लेम बोनस अण्णांच्या नावावर पडून हाय. व्हॅन इकली तवा मी सर्टिफिकेट काढून ठिवलंय. ही गाडी अण्णांच्या नावावर लावा, विमा निम्मा."

अण्णांनी पंधरा वर्षांत क्लेम केला नाही म्हणजे व्हॅन कुठं धडकली नाही, असं नव्हे. ती गोठ्याला धडकली, बाभळीला धडकली, आणि एकदा लग्नाच्या मांडवाला धडकून वरपक्षाला आडवी झाली. पण क्लेम म्हणजे केस, आणि केस म्हणजे कोर्ट, अशी अण्णांची समजूत होती. त्यामुळे प्रत्येक वेळी त्यांनी तिसगावात पत्रा ठोकून आणला आणि देवाचे आभार मानले. विमा कंपनीनं त्याबद्दल त्यांना दरवर्षी सूट दिली. अज्ञानाला बोनस देणारा धंदा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मी नानांच्या हातून मोबाईल घेतला आणि वाचला. सूट अख्ख्या विम्यावर नव्हती. आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, तेवढ्यावरच होती. नियमानं घ्यावाच लागतो त्या थर्ड पार्टीच्या भागावर छदाम सूट नाही. पण तरी पगारातला बराच तुकडा वाचत होता, हे खरं.

"नाना, हीच सूट माझ्या नावावर घेता येत नाही का?"

"न्हाई. सूट मानसाची असती, गाडीची न्हाई. तुजी डिग्री मला लावता येती का?"

"आली असती तर बरं झालं असतं," आई पुटपुटली.

"एक रस्ता हाय," नाना म्हणाले. "वारसाला मिळती."

"मग मी वारसच आहे की."

"हायेस. पन त्याला..." नाना चहाच्या कपात बघायला लागले. "मयताचा दाखला लागतो."

अण्णा बशीत चहा ओतत होते. ओतत राहिले. बशी भरून चहा ओट्यावर आला.

"कुनाच्या मयताचा?" आईनं विचारलं. कळलं होतं तिला.

"वहिनी, मी नियम सांगतोय."

"नियम सांगायला आलाय का सुतकाचं आवतान द्यायला?"

"ती सूट किती दिस टिकती?" अण्णांनी शांतपणे विचारलं.

"तीन वर्सं."

"मंग घाई न्हाई," अण्णा म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

अण्णांच्या जगण्याचा फायदा असा की गाडी त्यांच्या नावावर लावणं स्वस्त होतं. यावर ओट्यावर लगेच एकमत झालं, मला वगळून. भाऊ म्हणाला, "तायडे, आरसी कोन बघतंय? चालवनार तूच ना." ज्याच्या नावावर काहीच नसतं त्याला नावाची किंमत नसते असं म्हणतात, पण तो तसा नव्हता, त्याच्या नावावर अडीच एकर आहे.

"आन् अजून एक," नाना आवाज खाली आणून म्हणाले. खाली आणला तरी तो गोठ्यापर्यंत जातो. "उद्या हिचं लगीन. गाडी हिच्या नावावर, म्हंजी गाडी सासरी. अण्णांच्या नावावर राहिली तर कसं, घरात राहील."

"नाना, गाडी माझ्या पैशांची आहे."

"मी कुठं न्हाई म्हनलं? पैसे तुजेच. नाव फकस्त अण्णांचं."

इथं मला राग यायला हवा होता, पण नाना फॉर्म भरत पुढे गेले होते आणि फॉर्म माझ्यापेक्षा हुशार निघाला.

"मालक-चालकाचा अपघात विमा," नाना वाचू लागले. "म्हंजी मालक सोता गाडी चालवताना काय झालं तर पंधरा लाख. ह्याला मालकाचं लायसन लागतंय. अण्णा, लायसन नंबर सांगा."

अण्णा आभाळाकडे बघायला लागले.

पंधरा वर्षं. पाथर्डी, शेवगाव, नगर, एकदा शिर्डी. आम्हा सगळ्यांना मागं बसवून.

"तुमच्याकडं लायसन न्हाई?" आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"कवा कुनी मागितलंच न्हाई," अण्णा म्हणाले. "मागितलं असतं तर काढलं असतं."

"काय न्हाई, हे टिक करायचंच न्हाई," नाना म्हणाले. विम्याच्या धंद्यात नानांना जे येत नाही ते ते टिक करत नाहीत. "लायसन नसलं तर हे नसलं तरी चालतं."

"आणि मी चालवताना मला काही झालं तर?"

"तुला न्हाई मिळनार. तू मालक कुठंयस?" नानांनी क्षणभर विचार केला. "पन त्याला बी तोड हाय. पन्नास रुपयं जास्त भरले की पगारी ड्रायव्हरचं कव्हर मिळतं. तुला अण्णांचा पगारी ड्रायव्हर दाखवू."

मी म्हटलं, "पगार कोण देणार?"

"कागदावर अण्णा."

"आणि खरा?"

"तूच की. तूच कमावती ना."

म्हणजे माझ्या पैशांच्या गाडीवर मी अण्णांच्या नोकरीला, बिनपगारी, आणि त्या नोकरीचा विमा भरणार मीच. घराण्यातल्या पहिल्या पदवीधराची याहून मोठी बढती होऊ शकत नव्हती. भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. आईनं त्याला पाणी दिलं. मला कुणी काही दिलं नाही.

मी म्हणाले, "टीटीच्या फॉर्मवर माझं नाव जाईल. विमा महाग पडला तर पडू दे." पण तेवढे भरायला माझ्याकडे पैसे नव्हते, हे ओट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णा म्हणाले, वरचे मी घालतो. मी नको म्हणाले. मी अभिमानी आहे. आमच्या घरात हा शब्द शिवीसारखा वापरतात. त्यांचे पैसे घेतले असते तर पुढं कधीतरी कुणीतरी म्हणालं असतं, बापानं गाडी घेऊन दिली. मला ते नको होतं. आयुष्यात एक तरी वस्तू अशी हवी होती जिच्या कागदावर माझं नाव असेल आणि शेजारी ‘मार्फत’ नसेल.

तेव्हा अण्णांनी विचारलं, "नाना, हक्कसोड करून देता येत न्हाई का?"

"कशाचं?"

"सुटीचं. माझा हक्क मी हिला सोडला, असं बाँडवर लिवून."

नाना हसले. "अण्णा, हक्कसोड पोरी करत्यात. बाप न्हाई."

नाना चुकीचं बोलले नव्हते. आमच्याकडे हक्कसोडपत्र म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. वडिलोपार्जित जमिनीत कायद्यानं बहिणीचं नाव लागतं, आणि भाऊ तिला जेवायला बोलावून, साडी नेसवून, ते नाव काढून घेतात. तेही स्वखुशीनं. खुशी कुणाची, हे कागदात लिहायची पद्धत नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आत्यानं अण्णांच्या नावे तसं करून दिलं होतं. पाथर्डीला निबंधक कचेरीच्या बाहेर, झाडाखाली, आत्याला कागद वाचून कोण दाखवणार? मी. ‘कोणत्याही दबावाशिवाय, राजीखुशीने, सदर मिळकतीवरील माझा सर्व हक्क व हितसंबंध सोडून देत आहे.’ मी थांबत, समजावत वाचलं. आत्यानं मध्येच विचारलं, "म्हंजी माजं नाव जातं व्हय गं त्यातनं?" मी म्हटलं, हो आत्या, जातं. अगदी बरोबर अर्थ सांगितला मी. आत्यानं सही केली आणि माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "किती घडाघडा वाचती गं माजी बाय." मला फार अभिमान वाटला होता. म्हटलं ना, माझ्यात तो पहिल्यापासून आहे.

तर नाना हसले, आम्हीही थोडं हसलो, आणि अण्णांचा प्रश्न चहाच्या कपांबरोबर आत गेला असं मला वाटलं.

बुधवारी मी कामावरून आले तेव्हा ओट्यावर नाना बसलेले, भाऊ खांबाला टेकलेला, आणि अण्णा धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत, टोपीसह. त्यांनी माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. आत बाँड होता. पाथर्डीला जाऊन, बाँड लिहिणाऱ्याला गाठून, नोटरीचा शिक्का मारून आणलेला. पाचशेचा.

"वाच," अण्णा म्हणाले.

मी वाचायला लागले. ‘हक्कसोडपत्र. कारणे हक्कसोडपत्र लिहून देतो ऐसा जे की, माझ्या मालकीच्या चारचाकी व्हॅनवर मला मिळालेली नो क्लेम बोनस नावाची पन्नास टक्के मिळकत...’

"मिळकत?" मी म्हटलं.

"तो म्हनला, हक्कसोड मिळकतीचंच असतंय. वाच फुडं."

‘...सदर मिळकत मी माझी मुलगी हिचे लाभात, कोणत्याही दबावाशिवाय, राजीखुशीने सोडून देत असून, यापुढे त्यावर माझा अगर माझ्या इतर वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही. सदर मिळकतीची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस’ आणि टिंबटिंब. ‘पश्चिमेस’ टिंबटिंब. ‘दक्षिणेस शिव रस्ता.’

"अण्णा, नो क्लेम बोनसच्या दक्षिणेला शिव रस्ता आहे?"

"मी बी त्याला हेच विचारलं. म्हनला चार दिशा मोकळ्या सोडल्या तर कागद रद्द हुतो. म्हनून एक तरी भर."

खाली ‘इतर वारसांची संमती’ म्हणून भावाची सही होती. मी त्याच्याकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघती?" तो म्हणाला. "अण्णांनी सकाळच्या एसटीत घालून नेलं. लिहिनारा म्हनला, मुलाची सही पायजे, न्हाईतर तो उद्या उभा राहील. मी म्हनलं, राहत न्हाई बाबा उभा. सुटीसाठी कोन उभं राहतं?"

"वडापाव खाल्ला का न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"दोन," भाऊ म्हणाला. आत्याला साडी मिळाली होती. महागाई वाढलीय, पण सगळीकडे नाही.

नानांनी कपाळाला हात लावला. "अण्णा, कंपनी हे घेनार न्हाई."

"का न्हाई? नोटरी हाय. पोराची संमती हाय. एवढ्यावर जमिनी जात्यात नाना, आन् सूट जात न्हाई?"

नानांनी माझ्या हातातला बाँड उलटा करून मागून पाहिला. मीही पाहिला, आणि मी फर्स्ट क्लास आहे. दुसऱ्या दिवशी नाना खरोखरच तो बाँड घेऊन नगरच्या ऑफिसात गेले. भावकीतलं माणूस असं शेवटपर्यंत जातं, मग काम कितीही वेडेपणाचं असो. संध्याकाळी परत आले.

"न्हाई म्हनले," ते म्हणाले. "पन सायब चांगला मानूस. दोनदा वाचला. मंग फोटो काढला, म्हनला ग्रुपवर टाकतो."

अण्णांनी बाँड परत घेतला, घडी करून खिशात ठेवला. मग आत जाऊन टीटीचा फॉर्म आणला आणि माझ्यापुढे टाकला.

"लिव्ह तुजं नाव."

"अण्णा," नाना म्हणाले, "विचार करा. इनाकारन सूट वाया जाती."

"जाऊ द्या वाया. मी बाँडवर लिवून दिलंय, माझा हक्क न्हाई. आता त्याच सुटीसाठी गाडी माझ्या नावावर घिऊ? उद्या लोक म्हनतील, ह्याला लिव्हलेलं कळत न्हाई."

आई दारात उभी होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, "आन् लगीन झाल्यावर गाडी सासरी गेली तर?"

"गेली तर गेली," अण्णा म्हणाले. "बैल न्हाई ती, जाऊन परत येती."

मी लिहिलं. चौकट एवढीशी होती, माझं, अण्णांचं आणि आडनाव मावेना. शेवटची दोन अक्षरं रेषेबाहेर गेली. आत्याच्या जमिनीचा विषय मी तेव्हा काढायला हवा होता, असं आता हे लिहिताना वाटतं. तेव्हा नाही काढला. तेव्हा हक्क माझ्या बाजूनं येत होता, आणि असा हक्क येत असताना कोण कशाला मागचं उकरतं? मी शिकलेली आहे, संत नाही.

आरटीओचं काम महिनाअखेरच्या चार दिवस आधी झालं. मग विमा. फुल विमा परवडत नव्हता. हातात जे होतं त्यात कायद्यानं सक्तीची थर्ड पार्टी बसत होती आणि मालक-चालकाचा अपघात विमा. त्या दुसऱ्या ओळीवर मी स्वतः बोट ठेवून टिक केलं. मालकाचं लायसन? आहे. नंबर पाठ आहे.

"थर्ड पार्टी म्हंजी काय ते समजलं ना?" नानांनी पुन्हा एकदा बजावलं. "तू कुनाला ठोकलं, तर त्याला कंपनी देनार. तुज्या गाडीला ओरखडा आला, तर तुज्या खिशातनं."

"म्हंजी परक्याची फुटली तर भरून देनार, आपली फुटली तर न्हाई?" आई म्हणाली. "हे कुनी काढलं?"

"सरकारनं."

"मंग बरोबर हाय," आई म्हणाली.

अशा रीतीनं मी आमच्या भागातल्या सगळ्यात वेगवान गाडीची मालकीण झाले, आणि तिचा एकही भाग फुटून मला परवडणार नव्हता. मागच्या पंखाची किंमत मी इंटरनेटवर पाहिली आणि पुन्हा पाहिली नाही. पुढच्या एका दिव्यात माझे पंधरा दिवस होते. शेळ्या अंगणात आल्या की मी लॅबमधल्या सवयीनं त्यांची शिंगं आणि दरवाजा यातलं अंतर मनात मोजायची. भावानं चावी मागितली. मी त्याला आधी पॉलिसी वाचायला दिली, सव्वीस पानांची. त्यानं चावी मागणं सोडलं. अण्णांनी एकदा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, दार लावलं आणि पलीकडून येऊन बसले. बेल्ट मात्र त्यांना लावता येईना, तो मी लावला.

एक तारखेला मी पहिल्यांदा गाडी घेऊन कामाला निघाले. तिसगाव सोडलं, करंजी मागं पडली, घाट लागला. ज्या घाटात मी सहा वर्षं लाल गाडीकडे बघत उभी होते, तिथं आज मी लाल गाडीत बसले होते, आणि काटा पंचवीसवर होता. खड्डा दिसला की वीस. समोरून ट्रक आला की मी जवळजवळ थांबायची. इंजिन खाली घुरघुरत होतं, बांधून ठेवलेल्या खोंडासारखं. एसटी पुढे गेली, आणि तिच्या खिडकीत उभी असलेली माझी नेहमीची मंडळी हात करून गेली. एक डबलसीट म्हातारा मोपेडवर पुढे गेला, मागं म्हातारी, तिच्या मांडीवर कोंबडी.

मग मागून दुधाचा टेम्पो हॉर्न मारत आला. वळण संपेपर्यंत त्यानं कसाबसा धीर धरला, मग माझ्या बरोबरीला आला आणि क्लीनरनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"ओ ताई! इंजिन बिघडलंय का? ढकलू?"

"नाही हो!"

"मंग एवढी पळायची गाडी, आन् अशी?"

"थर्ड पार्टी आहे!" मी ओरडले. "जा तुम्ही पुढं!"

त्याला काय कळलं कोण जाणे. त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि मोठ्यानं म्हणाला, "अरारा, लोकाची हाय व्हय! मंग जपूनच चालवा!"

मी उरलेली काचही खाली केली, पार खाली, अर्धी बाहेर वाकले आणि घाटभर ऐकू जाईल असं त्याला सांगितलं, "माझी हाय!"